मॅचच्या आदल्या दिवशीचे मामाजी

माझ्या बायकोच्या मामांइतका फुटबॉल कळणारा माणूस अख्ख्या रायपुरात नाही, आणि फुटबॉलच्या बाबतीत त्यांच्याइतका हमखास चुकणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगी इतक्या सुखानं कशा नांदतात, याचा मी लग्न झाल्यापासून विचार करतोय. मामाजी मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून, मागे मागे पळणारी झाडं आणि फाटकं बघत काढली. म्हणजे पुढे काय येणार आहे हे ज्यांना नोकरीत कधी दिसलंच नाही, असे हे गृहस्थ. रिटायर झाल्यावर त्यांनी उद्योग कोणता धरावा, तर पुढे काय होणार ते लोकांना सांगायचा. तेही एकाच गोष्टीबद्दल. दर हिवाळ्यात शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल होते, आणि त्या मॅचमध्ये काय काय घडणार हे मामाजी आदल्या संध्याकाळी कागदावरून मोठ्यानं वाचून दाखवतात. याला ते ‘अंदाज’ म्हणतात. लोक काय म्हणतात ते पुढे येईलच.

फायनल कोणात होणार हे ठरलेलं असतं. एक आमची रेल्वे कॉलनीची शाळा आणि दुसरी पुरानी बस्तीची. बाकीच्या शाळा स्पर्धेत येतात त्या सर्टिफिकेट आणि केळी घ्यायला. आमच्या कॉलनीत नागपूर, वर्धा, गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीपायी आलेल्यांची तिसरी पिढी राहते. पुरानी बस्तीत भोसल्यांच्या काळापासून ठाण मांडून बसलेली मराठी घरं आहेत. त्यांची मराठी निराळी, आमची निराळी. आम्ही ‘मले-तुले’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडते, आणि ते ‘आपण बसावं’ म्हणाले की आमच्या पोरांना हसू आवरत नाही. भांडायची वेळ आली मात्र की दोन्हीकडचे तडक हिंदीत शिरतात. ही मॅच म्हणजे त्या भांडणाची वर्षातून एकदा काढलेली रीतसर मिरवणूक असते.

दसरा उलटला की मामाजी घरातल्या माणसांच्या कामाचे राहत नाहीत. संध्याकाळी चार वाजता मफलर, वही आणि घडीचं स्टूल घेऊन ते शाळेच्या मैदानावर जाऊन बसतात. कुठला पोरगा कोणत्या पायावर जोर देतो, कोण पडल्यावर उठायला किती वेळ लावतो, कोण पास देण्याआधी तोंड वासतो, सगळं वहीत. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून मग ते खेळाडूंच्या घरी जातात. एका फॉरवर्डच्या आईला त्यांनी दारातूनच विचारलं होतं, “पोट्ट्याले सकाळी काय देता जी?” ती बिचारी म्हणाली, चहा आणि पाव. मामाजींनी तोंड इतकं पाडलं की तिला वाटलं हे शाळेतून पोराच्या नापासाची बातमी घेऊन आलेत. दुसऱ्या दिवसापासून मॅच होईपर्यंत मामींना रोज सकाळी दोन अंडी उकडून त्या घरी डबा पोचवायला लागला. मामींचं म्हणणं असं की, स्वतःच्या मुलांच्या दहावीला या माणसानं कधी त्यांचं पुस्तक उघडून पाहिलं नाही.

विरुद्ध बाजूचा अभ्यास तर आणखी कडक. पुरानी बस्तीतल्या एका देवळाच्या पायऱ्यांवरून त्यांच्या शाळेचं मैदान स्वच्छ दिसतं. आमच्या घरी जयभीम, देवळाशी संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. पण मामाजी ओळीनं चार संध्याकाळी त्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पहिल्या दिवशी पुजाऱ्यानं प्रसाद दिला, यांनी माहितीसाठी घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. चौथ्या दिवशी पुजाऱ्याला यांची दया आली. जवळ बसून त्यानं हळूच विचारलं, “कौन सा संकट है, बाबूजी?” मामाजी मैदानावरची नजर न हटवता म्हणाले, “उनका लेफ्ट आउट.”

एवढी सगळी मेहनत ज्यात ओतली जाते तो अंदाज मात्र ऐकण्यासारखा असतो. मॅचच्या आदल्या दिवशी, पाचच्या सुमारास, कॉलनीच्या गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर माणसं जमतात. आमचे जमतात, आणि पुरानी बस्तीचेही स्कूटरींवर तिघं तिघं बसून येतात. मामाजी बाकावर उभे राहतात, चष्मा बदलतात, आणि गार्डाच्या आवाजात सुरुवात करतात, “उद्या दुपारी ठीक तीन वाजता दोन बलाढ्य संघ एकमेकांसमोर उभे ठाकतील. त्यातला एक जास्त बलाढ्य आहे.” तो जास्त बलाढ्य कोण, हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. मग आमच्या अकरा पोरांची एकेक करून ओवाळणी. गोलकीपर म्हणजे भिंत. बॅक म्हणजे पहारा. फॉरवर्डच्या पायात काय आहे हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. वाचून झालं की रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक हरकत घेता येते. पुरानी बस्तीचे खेळाचे सर, पांढऱ्या मिशांचे सभ्य गृहस्थ, दरवर्षी तीच हरकत घेतात, “मामा, आमची पण अकरा मुलं येणार आहेत, त्यांचा उल्लेख राहिला.” मामाजी म्हणतात, “नोंद घेतली,” आणि खाली उतरतात.

यात माझं काम लिखापढीचं. आमची नवी पिढी मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते, वाचायला दिलं तर मात्र घाम फुटतो. त्यामुळे मामाजींचा मराठी अंदाज फोनवर टाइप करायचा, खाली त्याचं हिंदी करायचं आणि वाचन संपलं की कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा, हे जावई म्हणून माझ्या वाट्याला आलं. मी नवा रायपूरला सरकारी टेबलावर दिवसभर हेच करतो, फक्त तिथल्या मजकुरात इतकी करमणूक नसते. एकदा मी ‘बलाढ्य’चं ‘ताकतवर’ केलं तर त्यांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. ताकतवर तर म्हैस पण असते, म्हणाले.

आणि मग दुसऱ्या दिवशी मॅच व्हायची. ज्या गोलकीपरला भिंत म्हटलं होतं त्यानं चार खाल्ले. एका वर्षी अंदाजात लिहिलं होतं की निर्णायक गोल आमचा लेफ्ट हाफ करील. त्यानं केलाच, आपल्याच जाळ्यात. एका वर्षी ‘पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागेल’ होतं, तर मॅच पेनल्टीपर्यंत गेली, आणि पेनल्टीत आमच्या पहिल्या पोरानं चेंडू असा मारला की तो शोधायला लोक रुळांपर्यंत गेले. लागोपाठ नऊ वर्षं आम्ही हरत होतो आणि लागोपाठ नऊ वर्षं मामाजी आम्हाला जिंकवत होते. हरल्यावर त्यांच्याकडे कारण तयार असायचं. मैदानाला उतार आहे. रेफ्रीची मान एकाच बाजूला वळते. उरल्याच्या कारखान्यांची धूळ पश्चिमेकडून येते आणि सेकंड हाफमध्ये आमचं तोंड पश्चिमेला होतं. मी त्यांच्या तोंडावर कधी हसलो नाही, जावयानं हसू नये एवढी रीत मला कळते. घरी येऊन दार लावून हसायचो. बायको म्हणायची, हसा हसा, माझ्याच मामाला हसा. मग तीही हसायची.

कॉलनीतल्या पोरांनी यातून वेगळाच निष्कर्ष काढला. मामाजींचा अंदाज चुकतो असं नाही, तर मामाजींच्या अंदाजामुळेच आपण हरतो. म्हणजे पनौती. हा शब्द हळूहळू टपरीवरून ग्रुपवर आला, ग्रुपवरून घराघरात गेला, फक्त मामाजींच्या घरात आला नाही. यंदा तोही आला.

यंदाची आमची टीम खरोखर चांगली होती. हे मामाजी म्हणत होते म्हणून कुणी मानत नव्हतं, पण पुरानी बस्तीचे सरही म्हणाले, तेव्हा मानलं. कॅप्टन रोशन, वडील उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये, बारावीला. टीममधले सात जण बारावीला. म्हणजे ही पोरं पुढच्या वर्षी नाहीत. मामाजींनी अंदाज आठ दिवस आधीच लिहून मला दिला होता. पहिला गोल रोशनचा, दुसराही रोशनचा, आपण दोन-एकनं जिंकू. “या साली नाही जिंकले तर मंग कधी जिंकतीन, जवाईबापू?” असं म्हणताना त्यांचा आवाज जरा कापरा झाला होता. मी टाइप करून ठेवलं आणि मनात म्हटलं, गेली बिचारी पोरं.

मॅचच्या दोन दिवस आधी दुपारी मी मामाजींकडेच होतो. रोशन आणखी दोघांना घेऊन आला. मामी भजी तळत होत्या. पोरं खुर्चीच्या टोकावर बसली, भज्याला हात लावीनात. शेवटी रोशननं एका दमात सांगून टाकलं, “मामाजी, एक रिक्वेस्ट है. इस बार आप लिख दो कि हम हारेंगे.”

“काहून?” मामाजींना खरंच कळलं नव्हतं.

“वो... आप जिसको जिताते हो ना, वो हार जाता है.”

मामींचा झारा कढईतच थांबला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठं धैर्य दाखवून फोनमध्ये पाहिलं.

“म्हणजे मी पनौती आहो म्हणून राहिला तू,” मामाजी म्हणाले. म्हणजे शब्द त्यांना माहीत होता.

“आप नहीं, मामाजी,” रोशन घाईघाईनं म्हणाला, “आपका कागज.”

पोरं गेल्यावर मामाजी तासभर येरझारा घालत होते. चौतीस वर्षांत गाडीच्या रजिस्टरमध्ये एक खोटा आकडा लिहिला नाही, आणि आता हे कालचे पोट्टे मले खोटं लिहायले सांगून राहिले, हे त्यांनी भिंतीला, मला आणि कॅलेंडरला ऐकवलं. शेवटी मामींनीच तोड काढली. भज्यांचं ताट टेबलावर आदळून त्या म्हणाल्या, “लिहून द्या न जी. तुमच्या लिहिण्यानं आजवर काय भलं झालं कोणाचं?” नवराबायकोत इतकं सरळ बोलणं मी फार कमी ऐकलंय. मामाजींनी चष्मा बदलला, नवा कागद घेतला आणि खाली बसले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. खोटं लिहायचं ठरल्यावर त्यांनी ते मन लावून लिहिलं. पुरानी बस्ती दोन-एकनं जिंकेल, एवढं म्हणून त्यांना थांबता येईना. “कारण द्या लागते,” मला म्हणाले, “बिनकारणाचा अंदाज म्हणजे अफवा.” आणि त्यांनी कारण दिलं. रेल्वे कॉलनीचा लेफ्ट बॅक चढाईच्या जोशात पुढे जातो आणि परतायला उशीर करतो, मागची जागा मोकळी राहते, तिथून घात होईल. मी टाइप केलं. मला वाटलं हेही बनवलेलंच आहे, आणि बरं बनवलंय.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मामाजी बाकावर चढले. आवाज गार्डाचा नव्हता, तिकीट हरवलेल्या माणसाचा होता. पण त्यांनी पूर्ण वाचलं. पहिल्यांदाच आपली हार ऐकून आमची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, मागे कुणीतरी शिट्टी वाजवली, रोशनचा चेहरा तर पेढा खाल्ल्यासारखा. पुरानी बस्तीवाले गोंधळले. त्यांच्या सरांनी विचारलं, “मामा, तब्येत बरी आहे ना?” मग जरा थांबून म्हणाले, “हरकत काही नाही. फक्त ते लेफ्ट बॅकचं पुन्हा वाचता का?” मामाजींना कुणी पुन्हा वाचा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश, शब्द सुटे करून. सरांनी मान हलवली आणि स्कूटरवर बसून गेले.

मॅचमध्ये पहिला गोल रोशननं मारला. पंधराव्या मिनिटाला. कॉलनी उठून नाचायला लागली, माझ्या बाजूला बसलेले मामाजी माझा गुडघा दाबून पुटपुटले, “मी लिहिलं होतं न. पहिल्या कागदात होतं.” हाफटाइमपर्यंत एक-शून्य. लोक मामाजींना लांबून हात जोडत होते, कागदानं काम केलं म्हणून. सेकंड हाफ सुरू झाला आणि पुरानी बस्तीचा प्रत्येक पास आमच्या डाव्या बाजूला यायला लागला. पाच वेळा आला, सहा वेळा आला. आमचा लेफ्ट बॅक पुढे पळायचा, चेंडू त्याच्या मागे पडायचा. तशानंच दोन गोल झाले. मामाजींचा हात माझ्या गुडघ्यावरून केव्हा निघाला ते मला कळलं नाही. मॅच संपली, दोन-एक, त्यांनी लिहिलं होतं तंतोतंत तसंच.

मग जे झालं त्याची मला आजही लाज वाटते. लोक हरल्याचं दुःख विसरून मामाजींवर तुटून पडले. आखिर मामाजी का अंदाज सही निकला. नऊ वर्षांनी. कुणी पाठ थोपटली, कुणी सेल्फी काढला, मीही हसत त्यात उभा होतो. पुरानी बस्तीवाल्यांनी आणलेला हार यांच्या गळ्यात पडला, कुणीतरी जिलेबी तोंडात कोंबली. आणि तेवढ्यात ते सर आले, दोन्ही हातांनी मामाजींचा हात धरला आणि मनापासून म्हणाले, “मामा, तुमच्या त्या एका ओळीनं वाट दाखवली. हाफटाइमला मुलांना मी फक्त तेवढंच सांगितलं.” भला माणूस, खोटं बोलला नाही. मामाजींच्या तोंडात जिलेबी होती, ती त्यांना गिळता येईना आणि थुंकताही येईना. घरी जाताना ते मैदानाच्या डाव्या बाजूनं गेले नाहीत, लांबून वळसा घालून गेले.

ग्रुपवर मात्र त्या ओळीचा फोटो फिरायला लागला. सगळा दोष लेफ्ट बॅकवर आला. मामाजी ने पहले ही बोल दिया था, फिर भी ये भागता रहा. कुणी त्याच्या नावाची गाणी केली, कुणी त्याचा धावतानाचा व्हिडिओ उलटा लावला. तिसऱ्या दिवशी मामींकडून कळलं की तो पोरगा घराबाहेर पडत नाही, शाळेत जात नाही. त्याची आई मामींजवळ रडून गेली होती.

रविवारी सकाळी मामाजींनी मला बोलावून घेतलं. खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. मी त्यांना विचारलं, “मामाजी, ते लेफ्ट बॅकचं तुम्ही आपल्या मनानं लिहिलं होतं ना?”

“नाही,” ते म्हणाले. “खरं होतं ते. दसऱ्यापासून दिसून राहिलं होतं मले.”

“मग पहिल्या कागदात का नव्हतं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत परत जाऊन बसल्यासारखं वाटलं. “आपल्या पोट्ट्याचं उणं चारचौघात काहून वाचायचं, जवाईबापू? त्याची माय उभी राहते तिथं ऐकायले.”

नऊ वर्षं या माणसाला एकेका पोराची एकेक खोड दिसत होती आणि नऊ वर्षं त्यानं एकही मोठ्यानं वाचली नव्हती. आणि मी दार लावून हसत होतो. फार वाईट वाटलं, इतकं की तिथून उठून जावंसं वाटलं.

“फोन काढा,” ते म्हणाले. “लिहा. ग्रुपवर टाकायचं आहे.” मी फोन काढला. ते वाचून दाखवायच्या आवाजात, पण हळू, सांगायला लागले, “लेफ्ट बॅकबद्दल अंदाजात जी ओळ होती, ती खोटी होती. त्या खेळाडूचा खेळ उत्तम होता. कारण द्यायचं म्हणून मी मनानं लिहिलं. मला फुटबॉल कळत नाही.”

“मामाजी, शेवटचं वाक्य राहू द्या,” मी म्हणालो.

“तेच मोठ्या अक्षरात टाका. नाही तं कोणाले पटणार नाही.”

मी लिहिलं. खाली हिंदी केलं. ‘मुझे फुटबॉल समझ में नहीं आता’ हे टाइप करायला मला फार वेळ लागला. पाठवलं. मिनिटभरात हसण्याची तोंडं यायला लागली, एकापाठोपाठ एक, मग टाळ्या, मग कुणीतरी लिहिलं, ये तो सबको नौ साल से पता है मामाजी. त्याखाली आणखी तोंडं. लेफ्ट बॅकचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांना नवीन खेळणं मिळालं होतं. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“काय म्हणून राहिले?” मामाजींनी विचारलं.

“पटलं म्हणतात,” मी म्हणालो. “सगळ्यांना.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि मामींना म्हणाले की जवाईबापूंना चहा द्या, आणि त्या पोराच्या माईले सांगून या, उद्यापासून शाळेत धाड म्हणा.